फटाकडी ऐकली, पण मोजायची का?

भांडण अजून मिटलेलं नाही म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच काढावं. भांडण माझं आणि माझ्या नणंदेचं. ती ह्यांच्यापेक्षा धाकटी, मी तिला वन्सं म्हणते ते नुसतं चिडवायला, एरवी आमचं अगं-तुगंच चालतं. आणि विषय काय तर अंदमान फटाकडी, कोंबडीएवढा पण नसलेला एक पक्षी, जो अंदमान सोडून जगात कुठंच नाही, आणि ज्याच्यासाठी आम्ही दोघी सोलापूरहून एवढ्या लांब जाऊन पाच दिवस जंगलात पाय मोडेपर्यंत चाललो.

मी शाळेत शिकवते, वन्सं बँकेतून व्हीआरएस घेऊन मोकळी झालीय. पक्ष्यांचं वेड दोघींना नान्नजनं लावलं. माळढोक अभयारण्य आहे ना आपलं, १९७९ चं, तिथं आम्ही लग्नानंतर पहिल्यांदा डबा घेऊन गेलो आणि लांब गवतात तो उंच मानेचा पक्षी बघितला, मग दर हिवाळ्यात जायची सवयच लागली. आता माळढोक दिसणं म्हणजे पेपरात बातमी येण्यासारखं झालंय, आम्ही आपले काळवीट, चंडोल, धाविक, नशीब असलं तर लांडगा बघून येतो. मागच्या पावसाळ्यात वन्सं म्हणाली, वहिनी, जे पक्षी एकाच जागी उरलेत ते असताना बघून घेऊ गं. मला वाटलं राजस्थान म्हणतीय. तर म्हणे अंदमान.

तिथली गंमत अशी की ती सगळी बेटं म्हणजे म्यानमारमधल्या आराकान डोंगररांगेचीच पुढं समुद्रात बुडालेली शेपटी, वर नुसती शिखरं राहिलीत. मुख्य जमिनीपासून तुटून लाखो वर्षं गेली त्यामुळं तिथले पक्षी आपापल्या परीनं बदलत गेले. आपल्याकडचा भारद्वाज, तिथला भारद्वाज वेगळा. सुतार वेगळा, टकाचोर वेगळा, कोतवाल वेगळा, सर्पगरुड वेगळा, घुबडं तर तीन-चार वेगळी. फक्त तिथंच असणारे असे वीसेक पक्षी आहेत. आकडा नेमका सांगत नाही कारण शास्त्रज्ञ लोक दर काही वर्षांनी एखाद्याला वेगळी जात म्हणतात, मग एखाद्याला परत आत ढकलतात, आणि यादी करणाऱ्यांची पंचाईत होती.

असल्या ट्रिपा नेणारे लोक आहेत. सहाजणांचा ग्रुप, एक स्थानिक गाईड, पाच दिवस चालणं. खर्च ऐकून ह्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला, एवढंच. माझा दीड महिन्याचा पगार गेला, विमान धरून. माहितीपत्रकात लिहिलं होतं रोज जास्तीत जास्त पाच किलोमीटर सपाट चालणं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं येणारे.

तयारीचं सांगते कारण बऱ्याच मैत्रिणींनी तेच विचारलं. सोलापुरात चढ कुठाय सांगा बरं? गाव सगळं सपाट. कंबर तलावाला रोज सकाळी फेऱ्या मारल्या, दोन महिन्यात सहा-सात किलोमीटर सहज व्हायला लागलं, पण चढायची सवय व्हायला आमच्या अपार्टमेंटचा जिना धरला. पाठीवर सॅक, सॅकमध्ये वजनाला दोन सोलापुरी चादरी आणि वर पाण्याची बाटली, आणि चार मजले वर-खाली दहा वेळा. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी तिसऱ्या दिवशी विचारलंच, काय गं, चादरी विकायला लागलीस का?

दुर्बिणीचं पण सांगते. वन्संकडं भावजींची जुनी १० बाय ५० होती (पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या काचेच्या रुंदीचा), हातात धरली तर खलबत्ता धरल्यासारखी. मी ८ बाय ४२ घेतली. दुकानदार म्हणाला दहावाली घ्या, जास्त मोठं दिसतंय. माळावर ठीक आहे हो, पण दाट झाडीत मोठं दिसण्यापेक्षा जास्त जागा दिसणं आणि उजेड जास्त मिळणं महत्त्वाचं असतं, आणि दहानं हात हलला की पक्षीही हलतो. हे मला कुणीतरी आधी सांगितलं म्हणून बरं. वन्संला पण सांगितलं होतं. ऐकलं नाही. (हे वाक्यही लक्षात ठेवा.)

कपडे मळखाऊ रंगाचे घ्या म्हटलेलं, पोपटी नको, पांढरा तर नकोच. खायला शेंगाची चटणी आणि कडक भाकरी. कडक भाकरी महिनाभर टिकती हे आपल्याला माहिती, म्हणून वीस घेतल्या. गड्ड्याची जत्रा संपली आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात रात्रीच्या बसनं हैदराबाद, तिथून विमान.

पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आता २०२४ पासून श्री विजयपुरम म्हणतात पण तिथले लोक अजून पोर्ट ब्लेअरच म्हणतात, उतरलो आणि पहिला धक्का सूर्यानं दिला. घड्याळ आपलंच, भारताचंच, पण ते गाव सोलापूरपासून एवढं पूर्वेला आहे की सूर्य आपल्यापेक्षा तासाभराहून आधी उगवतो आणि मावळतो पण तसाच. संध्याकाळी पाच-वीसला सूर्य बुडाला. आपल्याकडं त्या वेळेला शाळा सुटून पोरं वडापावच्या गाड्यावर असतात. त्यामुळं गाईडनं सांगितलं उद्या पावणेचारला उठायचं तेव्हा कुणी कुरकुरलं नाही, कारण आठ वाजताच सगळ्यांना मध्यरात्र झाल्यासारखं वाटत होतं.

त्या दुपारी सेल्युलर जेल बघितलं. मराठी माणूस ते न बघता येईल का? सावरकर १९११ ते १९२१ तिथं होते ती कोठडी बघितली, फाशीघर बघितलं, आणि मला एकदम आपले सोलापूरचे चार हुतात्मे आठवले, १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेलेले, चौकातून रोज जाताना आपण बघत पण नाही पुतळ्यांकडं. वन्सं काही बोलली नाही, मी पण नाही. संध्याकाळी ग्रुपची ओळख झाली, पुण्याचं एक जोडपं, बंगळुरूचा एक पोरगा ज्याची लेन्स त्याच्या हातापेक्षा लांब होती, कोलकात्याचे एक डॉक्टर आणि आम्ही दोघी. गाईड तिथलाच, त्याचे पणजोबा का खापरपणजोबा ब्रिटिशांनी छोटा नागपूरहून जंगलतोडीला आणलेले, तिथं अशा लोकांना सगळे रांचीवाले म्हणतात. बोलणं सगळं हिंदीत, बेटावर बंगाली, तमिळ, तेलुगू, मल्याळी सगळे एकमेकांशी हिंदीच बोलतात, आणि ती हिंदी आपल्या सोलापूरच्या हिंदीपेक्षा लई शुद्ध आहे.

पहिला दिवस चिडियाटापू. गावापासून पंचवीसेक किलोमीटर दक्षिणेला, बेटाच्या टोकाला. पाच वाजता अंधारात गाडीतून उतरलो तेव्हा दमट एवढं की श्वास घेतला तरी पाणी प्यायल्यासारखं. मी दुर्बीण डोळ्याला लावली आणि काहीच दिसेना, पांढरं. रात्रभर एसीच्या खोलीत ठेवलेली काच त्या दमट हवेत आली आणि भिजली. पुसली, परत धुकं. पुसली, परत. पंधरा-वीस मिनिटं तिची तब्येत ठीक होईपर्यंत मी नुसती उभी. तर टिप घ्या, दुर्बीण-कॅमेरा रात्री एसीत ठेवायचा नाही, बाथरूममध्ये नाहीतर बाल्कनीत बॅगेत ठेवायचा.

पण त्या आंधळ्या वीस मिनिटांचा उपयोग झाला. गाईड सगळ्यांना म्हणाला, आधी डोळे मिटा आणि बोटांवर मोजा किती वेगवेगळे आवाज येतायत. मी चार मोजले. वन्सं तीन, आणि त्यातला एक डॉक्टरांच्या नाकाचा होता. गाईड म्हणाला अकरा. मग त्यानं एकेक सोडवून दाखवला, हा बुलबुल, हा श्यामा, हा पोपट, हा लांबचा कोतवाल, हे नेहमीचे पोपट नाहीत, ते छोटे लटकणारे पोपट, तो खालचा खंड्या. तेव्हा मला कळलं माझं काय चुकतंय. मी माळावरची बाई. नान्नजला उभं राहिलं की नजर दोन-दोन किलोमीटर पळते, काहीतरी हललं की डोळा पकडतो, कानाला कामच नाही, वारा सोडला तर. इथं पंधरा फुटांपलीकडं हिरवा पडदा. वर बघितलं तर झाडं आठ-दहा मजली, पडाऊक आणि गर्जन, मान मोडेपर्यंत बघा, पक्षी पानामागं. इथं आधी ऐकायचं, दिशा धरायची, मग गप उभं राहायचं, मग झालं तर दिसतं. निम्म्या वेळा दिसत नाही.

त्या सकाळी पहिला दिसला तो भारद्वाज, आणि दोघींनी एकदम हात जोडले. आपल्याकडं तो दिसणं शुभ असतं ना. पण हा कसा, आपला काळाभोर अंगाचा आणि पंख विटकरी, ह्याचं अंग दुधाच्या चहाच्या रंगाचं, डोकं फिक्कं, पंख तेवढे तसेच विटकरी. आपल्याच चुलतभावाला उन्हात वाळत घालून विटवलं तर कसा दिसेल तसा. वन्सं म्हणाली शुभ धरायचं का अर्धंच? मग वऱ्हाड आलं. म्हणजे जंगल दहा मिनिटं ठार शांत आणि मग एकदम सगळे एकत्र येतात, कोतवाल पुढं, मागं टकाचोर, मध्ये बुलबुल, बारके-बारके फुलटोचे, एकमेकांनी उडवलेले किडे खात पुढं सरकतात, पाच मिनिटं धांदल, कुठं बघू कुठं नको, आणि परत शांत. त्या पाच मिनिटांत माझे चार नवीन पक्षी झाले. बंगळुरूच्या पोराचे सातशे फोटो झाले.

फटाकडीचं नाव तिथंच पहिल्यांदा निघालं. अंदमान फटाकडी, पाणकोंबडीच्या घराण्यातली, अंग गडद तांबूस, पोटाला पांढऱ्या-काळ्या पट्ट्या, ओल्या जागी झुडपाखालून चालणारी, उजाडता-उजाडता रस्त्याकडेला क्षणभर बाहेर येते आणि आत जाते. गाईड म्हणाला सगळ्यात अवघड तीच, पाच दिवस रोज बघू. त्या दिवशी नाही आली.

दुसरा दिवस माउंट मणिपूरचा, म्हणजे पूर्वीचं माउंट हॅरिएट, २०२१ मध्ये नाव बदललं. चॅथमच्या धक्क्यावरून गाडीसकट बोटीत बसून पलीकडं बांबूफ्लॅटला उतरायचं आणि वर. जुन्या वीसच्या नोटेवर मागच्या बाजूला जो समुद्र आणि झाडीचं चित्र आहे ते इथूनच दिसणारं नॉर्थ बे. वन्संनं खास घरून जुनी नोट आणलेली, धरून फोटो काढला, सगळेच काढतात म्हणे. आणि आता एक गंमत, ह्या डोंगराची उंची ३८३ मीटर. आमचं सपाट सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या पुढं आहे. म्हणजे आम्ही घरातल्या गच्चीवरनं खाली उतरून, समुद्र ओलांडून, घराच्या उंबऱ्यापेक्षा ठेंगण्या डोंगरावर धापा टाकत चढलो.

वरून काळापत्थर आणि तिथून खाली मधुबनकडं जंगलातून वाट आहे. पाच किलोमीटर सपाट म्हणालेले ना? त्या दिवशी वन्संच्या घड्याळात एकोणतीस हजार पावलं झाली आणि त्यातली सपाट मोजून दोनशे. मुळं, ओली पानं, घसरण. तक्रार केली तर नेणारे फोनवर म्हणाले, मॅडम तो अंदाज असतो. आणि त्यातच माझ्या बुटाचा सोल निघाला. सह्याद्रीतल्या ट्रेकला घेतलेले बूट, आठ वर्षं कपाटात नव्यासारखे होते, आणि खोट तिथंच होती, न वापरता ठेवलेल्या बुटाच्या सोलमधला फोम आपला आपण भुसभुशीत होतो आणि कधीतरी अख्खा सोल जिभेसारखा लोंबतो. निघायच्या आधी दहा-पंधरा दिवस घालून फिरले असते तर कंबर तलावावरच कळलं असतं, पण मी चालायला साधे स्पोर्ट शूज घातलेले, हे चांगले आहेत ना म्हणून जपून ठेवलेले! वन्संनं सॅकमधून परकराची नाडी काढली. का आणली होती विचारू नका, ती दहा मीटर नाडी घेतल्याशिवाय प्रवासाला निघत नाही. नाडीनं सोल बांधून मी उरलेली वाट उतरले.

आणि त्याच वाटेवर, मी खाली बसून नाडी आवळत असताना, ठाक ठाक ठाक असा आवाज आला. सुतारपक्षी आपण ऐकलेत पण हा आवाज म्हणजे कुणी दारावर लाकडी दांडका हाणतंय. बसल्या जागेवरून मान वर केली तर समोरच्या वाळक्या खोडावर कावळ्याएवढा काळाकुट्ट पक्षी, डोक्यावर लालभडक तुरा. अंदमानचा काळा सुतार. बाकी सगळे पुढं गेलेले. मी आणि वन्संच. तिनं माझा खांदा एवढा दाबला की दोन दिवस निळा होता. चांगली पाच मिनिटं होता तो, साल सोलून खाली टाकत होता, ढलप्या माझ्या ओढणीवर पडल्या. सोल निघाला नसता तर दिसला नसता.

संध्याकाळी अबर्डीन बाजारात बूट शोधायला. माझ्या मापाचे मिळेनात, शेवटी एका दुकानात पीटीचे कॅनव्हासचे बूट होते. दुकानदार आत कुणाशी तरी तेलुगूत बोलला आणि वन्संचे कान टवकारले. तिनं बारा वर्षं सोलापूरच्या पूर्व भागातल्या शाखेत काढलीत, तिथल्या तेलुगू पद्मशाली खातेदारांशी तेलुगूतच बोलायची, ती सुरू झाली धडाधडा. तो एवढा खूश झाला की शंभर रुपये कमी केले आणि वर मोज्यांचा जोड दिला. जंगलात कॅनव्हासचे बूट भिजतात, पण लवकर वाळतात पण आणि पावलांचा आवाज होत नाही. पुढच्या वेळी मी तेच नेणारे.

कडक भाकऱ्यांचं त्याच रात्री कळलं. पिशवी उघडली तर वीसच्या वीस मऊ पडलेल्या, वातड, चामड्यासारख्या. सोलापूरच्या कोरड्या हवेत महिना टिकणारी भाकरी तिथं दोन दिवसात हरली. चटणी मात्र टिकली, आणि कोलकात्याच्या डॉक्टरांनी ती भाताबरोबर, माशाबरोबर, शेवटी नुसती चमच्यानं खाल्ली.

तिसऱ्या दिवशी चालणं कमी, पाणथळी. सिप्पीघाट आणि ओग्राबराज. इथं पूर्वी भातशेती होती. २६ डिसेंबर २००४ ला भूकंप झाला तेव्हा दक्षिण अंदमानची जमीनच जवळजवळ मीटरभर खाली खचली, त्सुनामीचं पाणी आलं आणि बऱ्याच ठिकाणी परत गेलंच नाही, भरतीचं पाणी रोज यायला लागलं. शेतं गेली ती गेलीच. अजून वाळक्या माडांचे खुंट पाण्यात उभे दिसतात. आणि त्या पाण्यात आता बदकं, बगळे, थंडीत लांबून येणारे पाणपक्षी. अंदमानचं खास बदक, डोळ्याभोवती पांढरी वर्तुळं, चष्मा लावल्यासारखं, चाळीसेक होती एका तळ्यात. मी बांधावर उभी राहून मोजत होते आणि डोक्यात येत होतं की हा बांध कुणाचातरी होता. उजनीचं पाणी आलं तेव्हा गावं उठली आणि आता आपण तिथं रोहित बघायला जातो, तसंच हे. गाईडला विचारलं तर म्हणाला, हमारे मामा का खेत उधर था, आणि हात करून दाखवला. त्या जागी बगळा उभा होता.

त्या रात्री घुबडं. हे मला सगळ्यात आवडलं. डांबरी रस्ता, दोन्हीकडं जंगल, टॉर्चला लाल कागद लावलेला, कुणी बोलायचं नाही. आधी रातवा, टोक टोक टोक, कुणी लाकडाच्या फळीवर बोट वाजवतंय तसा. मग लांबून हू-हू, हू-हू. गाईड म्हणाला ह्यूमचं घुबड. वन्सं अंधारात कुजबुजली, कोण ह्यूम, काँग्रेसवाला? तोच! ॲलन ह्यूम, ज्यानं १८८५ ला काँग्रेस स्थापन करायला पुढाकार घेतला, तो त्याआधी मोठा पक्षीवेडा होता, १८७३ मध्ये अंदमान-निकोबारला पक्षी गोळा करायला आला होता. मी वीस वर्षं पोरांना ह्यूमचं नाव पाठ करायला लावलंय, आणि त्याचं घुबड मला ह्या रस्त्यावर भेटायचं होतं.

गाईडनं मोबाईलवर त्याचा आवाज दोनदा वाजवला, ते जवळ आलं, फांदीवर बसलं, चॉकलेटी अंग, पिवळे डोळे. आम्ही बघितलं. बंगळुरूचा पोरगा म्हणाला अजून एकदा वाजव, फोटो हलला. गाईड म्हणाला नाही. त्या पक्ष्याला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला, तो खायचं-प्यायचं सोडून भांडायला येतो, ग्रुपवर ग्रुप येऊन वाजवत बसले तर तो जागा सोडून जातो. पोरगा जरा रुसला. मला गाईड त्या क्षणी लई आवडला.

चौथा दिवस वंडूरकडं, तिवराच्या कडेनं, ऊन फार, चिलटं फार, ह्याबद्दल जास्त लिहीत नाही. दोन सर्पगरुड बघितले, किनाऱ्याकडं तिवरात फिक्का आणि आत जंगलात गडद चॉकलेटी, गडदवाला तो इथला खास, एकाच सकाळी दोन्ही बघून फरक मनात बसला. चितळं पण दिसली आणि पुण्याच्या ताई कौतुकानं ओरडल्या, तर गाईडनं तोंड वाकडं केलं. चितळं इथली नाहीतच, ब्रिटिशांनी आणून सोडली, वाघ-बिबट्या कुणी नाही, नुसती वाढतात आणि जंगलातली रोपं खातात. बारातांगला जायचं का असं कुणीतरी विचारलं, तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो, आमच्या गाईडनं तो कार्यक्रमात घेतलाच नव्हता, आणि मला ते बरं वाटलं, पक्षी बघायला आलो होतो. नारकोंडमचा धनेश पण कुणी विचारला. तो सात चौरस किलोमीटर पण नसलेल्या एका बेटावर राहतो, तिथं पर्यटकांना नेतच नाहीत. वन्संनं यादीत त्याच्यापुढं फुली मारली, अगदी बँकेतल्यासारखी, रेघ मारून सही.

आणि पाचवी सकाळ. परत चिडियाटापू, परत पाच वाजता. दुर्बीण रात्रभर बाथरूममध्ये होती. एका वळणावर खाली ओढा आहे, तिथं गाईडनं सगळ्यांना रस्त्याच्या एका कडेला रांगेत उभं केलं. हलायचं नाही. डास चावत होते, मारायचे नाहीत. दहा मिनिटं. पंधरा. आणि मग झुडपातून, दहा फुटांवरून, एक घोगरा आवाज आला, बेडूक डराव करतो तसा, पण बेडकापेक्षा खोल. मला खरंच बेडूक वाटला. गाईडनं बोट वर केलं. तीच.

मी बघत होते तिथं नुसती पानं. चश्म्यावर घाम. चष्मा काढला तर काहीच दिसत नाही, घातला तर धुकं. मग मी चक्क डोळे मिटले. आणि पहिल्या दिवशी जे येत नव्हतं ते आलं. आवाज, मग वाळक्या पानांवर पावलं, तीन-चार, थांबली. परत दोन. उजवीकडून डावीकडं चालली होती. मग ओढ्याच्या पलीकडून दुसरा आवाज, तसाच, जरा बारीक. दोघी होत्या, किंवा दोघं. पहिल्यानं उत्तर दिलं. पावलं तिकडं वळली, ओल्यातून गेली कारण आवाज बदलला, आणि मग नाही. माझ्या अंगावर काटा आला होता आणि डास मांडीवर पोटभर जेवत होता.

डोळे उघडले तर गोंधळ. बंगळुरूच्या पोराला शेपटी मिळाली, फोटोत एक तांबडा डाग आहे, तो म्हणतो हीच. पुण्याच्या दादांनी बघितली, ताईंनी नाही, त्यावरून त्यांचं आपसात. डॉक्टर म्हणाले मला पट्ट्या दिसल्या, खरं-खोटं देव जाणे. वन्संला काही नाही, ती १० बाय ५० घेऊन भलत्याच झुडपात बघत होती, तिला फक्त एक पान दिसलं पण फार मोठं दिसलं.

दुपारी यादी करायला बसलो. गाईडनं फटाकडीपुढं सगळ्यांसाठी खूण केली, आणि ज्यांना दिसली नाही त्यांच्या, म्हणजे पुण्याच्या ताईंच्या, माझ्या आणि वन्संच्या नावापुढं लिहिलं 'ऐकला'. म्हणाला, असं लिहायची पद्धत आहे, ऐकलेला धरतात, फक्त वेगळी खूण करतात. वन्सं म्हणाली मी नाही धरणार. पासबुकात एन्ट्री पडल्याशिवाय पैसे आले असं आम्ही म्हणत नाही. मी म्हटलं अगं, त्या पोराला शेपटीचा डाग मिळाला तर तो धरतोय, आणि मला ती कुठून कुठं गेली, कुणाशी बोलली, कुठं ओल्यात उतरली, सगळं कळलं, ते नाही धरायचं? म्हणे नाही. विमानात नाही म्हणाली, हैदराबादला बसस्टँडवर नाही म्हणाली, उमरग्याला चहाला बस थांबली तिथं पण नाही म्हणाली.

आता माझ्या फ्रीजवर यादीचे दोन कागद आहेत, तिचा सोळाचा, माझा सतराचा. परवा रविवारी जेवायला आली होती, माझ्या सतराव्यापुढं पेन्सिलनं प्रश्नचिन्ह काढून गेली. काल रात्री फोन आला, वहिनी, पुढच्या फेब्रुवारीत रजा मिळती का बघ, मी आठ बाय बेचाळीस बघून आलेय दुकानात. मी म्हटलं बघते. आणि भाकरी ह्या वेळी पिशवीत नको, पत्र्याच्या डब्यात भरू, झाकणाला गोल कणीक लावून.